कमरेची डबी

"पोराच्या डोक्यावर हात ठेवून मशेरी सोडलीत ना, आत्या? मग हिरड्या आणखी काळ्या कशा?" उज्ज्वलानं सासूला विचारलं. सासूनं कमरेची मशेरीची डबी चाचपली. जेवताना मीठ मागितलं की सून फणकारायची, म्हणून हल्ली तिनं ते मागणंच सोडलं होतं. खोटी शपथ लेकराला भोवेल, या धास्तीनं उज्ज्वलानं त्या दिवसापासून त्याला आजीच्या मांडीवर बसू दिलं नाही.

महिन्याभरात साध्या तापाचं निमित्त होऊन सासू गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी निकामी झाल्या होत्या. त्यात हिरड्या काळ्या पडतात, आणि सारखं मीठ खावंसं वाटतं."

घरी येऊन उज्ज्वलानं डबी उघडली. आत खडेमीठ होतं.

तेव्हापासून तिनं घास उचलला की शेजारून कुणीतरी हळूच मीठ मागतं.

वर्षश्राद्धाला तिनं नैवेद्याच्या पानात आधी मीठच वाढलं. चुलतसासू ओरडली, "अगं, नैवेद्याला मीठ वाढत नाहीत!"

"आत्यांना वाढतात," उज्ज्वला म्हणाली, आणि पोराला उचलून पानासमोर सासूसाठी मांडलेल्या रिकाम्या पाटावर बसवलं.