चावणारा फ्रिज

सासूबाई अंघोळीला गेल्या की फ्रिज चावायचा.

एरवी तो गरीब गाईसारखा उभा असे. पण सकाळी न्हाणीघराचं दार लागलं आणि सुनेनं दुधासाठी फ्रिज उघडला, की तिच्या बोटांना झिणझिण्या यायच्या. नव्या घरात राहायला येऊन बारा दिवस झाले होते. भिंतींना अजून रंगाचा वास होता.

सून रुग्णालयात परिचारिका होती. नोंद ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिनं फ्रिजचाही तक्ता केला. सहा चाळीस, चावला. सात, शांत. दुपारी बारा, शांत. पायात चप्पल असली तर कमी, अनवाणी असलं तर जास्त. मग तिनं वॉशिंग मशीनला हात लावून पाहिला. तेही चावत होतं, आणि नेमकं त्याच वेळी. दुसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंना गार पाण्यानं अंघोळ करायची गळ घातली. त्यांनी कुरकुर केली, पण केली. त्या दिवशी फ्रिज गप्प. म्हणजे मूळ गिझरपाशी होतं. पण गिझर न्हाणीघरात, फ्रिज स्वयंपाकघरात. एकाचं दुखणं दुसऱ्याला कसं? हे काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. गिझर मात्र तिनं बंदच ठेवला. पाणी गॅसवर तापू लागलं.

नवऱ्याचं मत सरळ होतं. वायरिंग चुकलंय, दुसरा वायरमन बोलवू. पण वायरिंग तिच्या सख्ख्या भावानं केलं होतं. सत्तावीस वर्षं याच धंद्यात केस पिकलेला माणूस. वर्षापूर्वी त्याचा जोडीदार परगावी गेला, तेव्हापासून एकटाच कामं ओढत होता. बहिणीच्या घरातला एकेक बोर्ड त्यानं स्वतःच्या हातानं भरला होता. त्या कामात परक्यानं खोट काढावी, हे तिला बघवलं नसतं. तिनं दादालाच फोन केला.

रविवारी सकाळी दादा आला. सगळे बोर्ड उघडले, स्क्रू आवळले. काही सापडलं नाही. नवरा हाताची घडी घालून दारात उभा होता. दादा म्हणाला, फ्रिजच्या कंपनीला कळवा. बहिणीनं गिझर चालू केला आणि त्याला अनवाणी फ्रिजपाशी नेलं. त्यानं हात लावला. झटकन मागे घेतला. परत लावून पाहिला.

त्याचा चेहरा उतरला. मेन स्विच बंद करून तो न्हाणीघरात गेला, स्टुलावर चढला आणि गिझरचा बोर्ड खोलला. आतल्या तीन वायरी बाहेर ओढल्या आणि बघत राहिला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, तरी त्यानं टॉर्च मागितला. टॉर्च लावून तोंड इतकं जवळ नेलं की नाक वायरींना लागलं.

"यातली हिरवी कोणती गं?"

ती हसली. लहानपणी अभ्यास घेताना तो असाच, उत्तर माहीत असून विचारायचा. पण तो मागे वळला नाही. नुसता थांबून राहिला. तिचं हसू विरलं. रुग्णालयात दिवसाला कितीतरी लोकांच्या पापण्या उचलून ती डोळे बघत असे. दादाचे डोळे तिनं कधी नीट बघितले नव्हते.

"डावीकडची," ती म्हणाली. "उजवीकडची काळी."

"मला दोन्ही काळ्याच दिसतात."

काळी वीज परत नेणारी, हिरवी जमिनीत जाणारी. दोघींची अदलाबदल झाली होती. गिझर चालू झाला की परतीची वीज जमिनीची वाट धरायची आणि जाता जाता घरातल्या प्रत्येक पत्र्याला शिवून जायची. त्यानं ते तिला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. मग ती रंग सांगत गेली आणि त्यानं वायरी जिथल्या तिथं बसवल्या. नवऱ्यानं स्वतः चप्पल काढून फ्रिजला तळहात लावून पाहिला. गिझर चालू असूनही तो चावला नाही, तसा नवरा मेहुण्यासाठी चहा ठेवायला गेला.

तिनं दादाला खिडकीशी बसवलं आणि पापणी उचलली. बुबुळामागे दुधासारखं धुकं होतं. दोन्ही डोळ्यांत. इतके दिवस बोलला का नाहीस, असं तिनं विचारलं. त्याला वाटलं होतं, हल्ली वायरींना रंगच फिका देतात. ती त्याला धीर देऊ लागली. मोतीबिंदूच आहे, छोटं ऑपरेशन असतं, महिन्याभरात पहिल्यासारखं दिसेल, घाबरण्यासारखं काही नाही.

तो ऐकतच नव्हता. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत काहीतरी मोजत होता. मोजून झाल्यावर त्यानं मान वर केली.

"या वर्षातलं तुझं घर अकरावं," तो म्हणाला. "बाकीच्या दहा घरी आत्ता येशील माझ्याबरोबर? रंग सांगायला."