बॉनेटवरचे ओरखडे

डिटेलिंग, म्हणजे खास धुलाई-पॉलिश, करून आणलेल्या गाडीच्या बॉनेटवर महिन्याभरात ओरखडे उठले. शेजाऱ्याशिवाय हे काम कुणाचंच नाही, याबद्दल गाडीमालकाला तीळमात्र शंका नव्हती. तो शेजाऱ्यावर ओरडला,

"जळतोस मेल्या! तुझी स्कूटर आज गेटबाहेर काढली नाही तर नाव बदलेन!"

इमारतीतले सगळे खाली जमले. साक्षीदार म्हणून गाडीमालकाने डिटेलिंगवाल्यालाच बोलावलं होतं. त्या गृहस्थाने वाकून बॉनेटवर टॉर्च धरला.

"साहेब, हे कुणी मुद्दाम काढलेले नाहीत. कोरड्या फडक्याने धूळ घासली की असे गोल गोल ओरखडे पडतात. म्हणून तर कोरडं फडकं लावू नका असं बजावलं होतं. रोज गाडी पुसतं कोण?"

गाडीमालक तोंड उघडणार, इतक्यात गॅलरीतून त्याची बायको कडाडली,

 

"दुसरं कोण? हेच! मला तर साधं टेकूही देत नाहीत गाडीला!"