साखरबाईचा पहारा

या, अंमळ जवळ सरका. सतरंजीवर जागा पुष्कळ आहे. कीर्तन उभं राहायला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. पोथीतली नाही, खुराड्याशेजारची आहे.

झुंजुमुंजू होताना फाट्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला आणि दत्तानं तिकडं मान वळवली. गळ्यात वीणा, पाय मांडवात, जीव बसमध्ये. सप्ताहाची वीणा सात दिवस खाली टेकवायची नाही, नाम थांबवायचं नाही; एकानं दुसऱ्याच्या गळ्यात देत पाळीपाळीनं पहारा करायचा. त्याचा पहारा केव्हाच संपला होता. पुढचा पहारा भिमाजी आप्पांचा. सप्ताहाचे पुढारी आप्पा, आणि तेच उगवले नव्हते.

मांडवाला लागूनच साखरबाईचं परसू. तिनं नुकतीच खुराड्याची फळी काढली होती. बाहेर पडणाऱ्या एकेकीच्या तुऱ्याकडं बघायचं, कुणाचा फिका पडलाय का. मग परातीतलं शिळं पाणी ओतून ताजं भरायचं, खाली राख पसरायची, कण्या टाकायच्या. शेवटी पाटीत अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीला हातानं उचलून दाण्यापाशी न्यायचं. रोजचं हे सगळं ती नाम घेतच करायची.

"काकू, वीणा धरता का? बस चुकली तर आज खाडा पडंल माझा."

निम्म्याच कण्या टाकून झालेली साखरबाई थबकली. कालच तिनं पहारा मागितला होता. आप्पा चारचौघांत म्हणाले होते, "अंडी विकणाऱ्या हातात वीणा? आधी कोंबड्या विकून टाक, मग बघू." ती म्हणाली होती, "कोंबड्यांवर माझी चूल पेटती, आप्पा. त्या न्हाई जायच्या." आणि मांडवाबाहेर धोंड्यावर बसून तिनं कीर्तन ऐकलं होतं. अगदी शेवटपर्यंत.

तिनं हात धुतले आणि मांडवात आली. रीतीप्रमाणं आधी वीणेकऱ्याच्या पाया पडली, मग वीणा गळ्यात घेतली. दत्तानं उलट तिच्या पायांना हात लावला आणि चपला हातात घेऊन तो पळत सुटला.

लख्ख उजाडलं. पारायणाला माणसं जमू लागली. अर्धपोटी कोंबड्या मालकिणीला हुडकत थेट मांडवात शिरल्या आणि तिच्या पायांना चिकटलेल्या कण्या टिपू लागल्या. साखरबाईनं ना पाय हलवला, ना नाम थांबवलं.

एवढ्यात आप्पा आले. कपाळी ताजं गंध, डोळे झोपेनं सुजलेले.

"हिच्या गळ्यात वीणा कुणी घातली? आन ती इकडं!"

साखरबाईनं ओळ पुरी केली. टाळकऱ्यांनी नाम उचललं, मगच ती बोलली. "माझी खुडूक कोंबडी दाण्यालासुदिक उठत न्हाई, आप्पा. हातानं उठवावं लागतंय तिला. पहारा कसा करत्यात, ते म्या तिच्यापाशी शिकले."

"आन् आप्पांना अंथरुणातनं कुणी उठवायचं गं?" बायकांतून सोजराबाई म्हणाली. मांडवभर हशा पिकला.

आप्पा लाल झाले. "वीणा दे म्हणतो ना!"

"देते की. म्या कुठं न्हाई म्हणते? पण आधी रीत."

ती नुसती उभी राहिली. पाय जुळवून.

हसू विरलं. वीणा हिसकावता येत नाही आणि खाली ठेवताही येत नाही. आप्पांनी टाळकऱ्यांतल्या बन्सीला, तू घे म्हणून, खूण केली. बन्सी मांडवाच्या कापडाकडं बघत म्हणाला, "पहारा तुमचा हाय, आप्पा."

पायांना राख होती, कण्या होत्या, एक कोंबडी अजून तिथंच टिपत होती. आप्पांनी आजूबाजूला बघितलं. मग वाकले. कोंबडी फडफडत बाजूला झाली.

आप्पा उठले तेव्हा कपाळाच्या ओल्या गंधात एक कणी चिकटली होती. साखरबाईनं वीणा त्यांच्या गळ्यात घातली, आणि रीतीनंच त्यांच्या पायांना हात लावला.

"उद्याचा ह्योच पहारा माझा," ती म्हणाली. "कोंबड्या सोडून येते."

तर माउली, आता मृदंग लागेल. वीणेपुढं वाकाल तेव्हा साखरबाईची आठवण ठेवा. आणि पाटीतल्या त्या खुडूक कोंबडीचीही. एवढा गलका झाला, पण ती काही अंड्यांवरून उठली नव्हती.