बेबाबाईंचं मत

“आजी, एकाच नावापुढे खूण करायची. दोन केल्या तर मत बाद होतं,” अधिकारी बाई म्हणाल्या आणि पुठ्ठ्याचा आडोसा सरळ करून मागे सरकल्या.

बेबाबाईंनी पेन हातात धरलं. पंच्याऐंशीच्या वरच्यांचं मत घरी येऊन घेतात, म्हणून मतदान पथक सकाळीच असोद्याला आलं होतं. मोठी सून मोहिनी हिला त्यांनी बाहेर ओट्यावर थांबवलं होतं.

मतपत्रिकेवर वरच्या बाजूला योगराजचं नाव होतं. थोरला मुलगा, चालू आमदार. त्याच्याखाली ललित, धाकटा. आणखी खाली अपक्षांमध्ये दीपक सर. बेबाबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या. नावं वाचता येत होती, हीच अडचण होती.

त्यांनी दोन्ही मुलांपुढे खूण केली, कागदाची घडी घातली आणि पाकिटात सरकवली.

पथक गेल्यावर मोहिनीने ताट वाढलं. मत कोणाला दिलं, हे तिने विचारलं नाही. मुलांनीही कधी मागितलं नव्हतं.

“हे लोणचं डिंपलच्या हातचं लागते,” बेबाबाई म्हणाल्या. डिंपल म्हणजे ललितची बायको. “अन् यंदाच्या कैरीचं हाये.”

“दुकानातलं आहे, आई. जेवा तुम्ही.”

योगराज आधी गावचा सरपंच होता, मग जिल्हा परिषदेत गेला. विधानसभेला पहिल्यांदा पडला, त्यानंतर दोनदा निवडून आला. दोन्ही वेळा प्रचाराची जीप ललितच चालवायचा. केळीची कापणी मजुरांवर टाकून गावोगाव फिरायचा. यंदा मात्र हवा फिरली होती. पलीकडच्या पक्षाचं तिकीट दीपक सरांना मिळणार आणि सर येणार, असं लोक एसटी स्टँडवर उघड बोलायला लागले होते.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी भर अंगणात दोघा भावांचं भांडण झालं. शेजारीपाजारी कुंपणाशी जमले. ललितने आमरसाचं ताट लाथेने उडवलं आणि डिंपलला, मुलांना घेऊन तो घराबाहेर पडला. दिवाळीच्या तोंडावर पलीकडच्या पक्षाचं तिकीट त्याच्या हातात होतं. सर अपक्ष उभे राहिले.

तेव्हापासून बेबाबाईंनी भरीत सोडलं होतं. वांग्याच्या भरितासाठी नावाजलेल्या असोद्याच्या बाईने थंडीत भरीत सोडायचं, म्हणजे काय ते गावाला कळत होतं.

दुपारी मोहिनीसोबत एका चॅनलची मुलगी आली. तिने माईक पुढे धरला.

“आजी, एक मुलगा इकडे, एक तिकडे. तुम्ही कोणाच्या बाजूने?”

“मले दोन डोये हायेत, बाई. कोनता फोडू?” एवढं बोलून बेबाबाई रडायला लागल्या. पदराने तोंड झाकूनही त्यांना आवरेना. “दोघं एका ताटात जेवतीन तवा मी भरीत खाईन. नाहीतं तशीच जाईन.”

संध्याकाळपर्यंत ते रडणं घराघरातल्या मोबाइलवर पोचलं. मग सभांमध्ये ना रस्त्याचा विषय, ना पाण्याचा. आईचं मन कोणी मोडलं, एवढाच प्रश्न राहिला. निम्मं गाव योगराजला शिव्या देई, निम्मं ललितला. सरांचं नाव कोणी काढेना.

निकाल लागला. योगराज आला. ललित दुसरा, सर तिसरे.

अंगणात गुलाल पडला, डीजे वाजला. बेबाबाई आत खाटेवर बसून होत्या.

“ललित जेवला असीन का?” त्यांनी मोहिनीला विचारलं.

“त्यांचा फोन बंद आहे. धुळ्याला, देवपूरला गेलेत म्हणे, डिंपलच्या माहेरी.”

“मंग योगराजले म्हना, जाय भावाकडे.”

“ह्यांना पक्षाने मुंबईला बोलावलंय, आई. रात्रीच निघाले.”

दुसऱ्या दिवशी बेबाबाईंनी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली. मोहिनीला त्यांनी शिवू दिलं नाही. मीठ अंदाजाने टाकलं; चाखून पाहायचं नव्हतं. डबा भरला आणि नणंदेच्या मुलाला, भाईदासला, गाडी काढायला लावली.

“मामी, जिंकलेल्याले सोडून पडलेल्याकडे काहाले चालली?” भाईदास म्हणाला. “मंत्री झाला तं तुलेच लाल दिवा भेटीन.”

“जिंकलेल्याकडे गाव हाये. पडलेल्याकडे कोन हाये? चाल तू.”

धुळ्यापर्यंत त्या डबा मांडीवर धरून बसल्या. पांझरेचा पूल ओलांडून गाडी देवपुरात शिरली. भाईदास गाडी लावायला जागा शोधत राहिला आणि त्या एकट्याच उतरल्या.

पुढचं दार आतून बंद होतं. हरलेल्या माणसाला हाका मारून चारचौघांत आणखी लाजवायचं कशाला, म्हणून त्या भिंत धरत मागच्या दाराने आत गेल्या. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. आतल्या खोलीत ललित बोलत होता. मग दुसरा आवाज आला, आणि बेबाबाईंचे पाय जागीच थांबले. त्यांनी अर्धवट लोटलेल्या दारातून पाहिलं.

योगराज आणि ललित एका ताटात जेवत होते.

बेबाबाईंनी डबा छातीशी धरला. कुलदेवी मनुमायने त्यांचं ऐकलं होतं. त्या डब्याचं झाकण उघडू लागल्या. त्या ताटात भरीत त्यांना आपल्या हाताने वाढायचं होतं.

“पुढच्या खेपेले तू पड, दादा,” ललित म्हणाला. “मी येतो.”

“पडतो ना,” योगराज घास कालवत हसला. “फक्त मायले तवाही काही सांगू नको. तिले खोटं रडता येत नाही.”