डावीकडच्या टाळ्या

“काका, गाणी कुठली लावू?”

एमआरआयच्या अरुंद फळीवर तो उताणा पडला होता. डोक्याभोवती प्लास्टिकचा पिंजरा, कानांवर हेडफोन, मुठीत रबरी फुगा. भीती वाटली तर दाबा, असं सांगून तंत्रज्ञ मुलीने तो फुगा दिला होता. भीती वाटत होतीच. दाबायचा धीर तेवढा होत नव्हता.

त्याला सगळे ‘चाळण’ म्हणत. ह्याच नावाचं संगीतावरचं सदर तो एकवीस वर्षं लिहीत होता. त्या चाळणीतून आजवर मोजून नऊ गायक खाली उतरले होते, आणि त्यांतले सात हयात नव्हते. ज्याचं गाणं न्हाव्याच्या दुकानात वाजतं, त्याला तो गायक म्हणून धरतच नसे. ह्या मुलीने त्याला ओळखलं नव्हतं. एरवी ते त्याच्या मनाला लागलं असतं. पण तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याचा डावा कान कापूस कोंबल्यासारखा बंद झाला होता. तेव्हापासून तो रोज उठल्या उठल्या त्या कानाशी काडेपेटी हलवून बघे. आतल्या नसेवर काही वाढलंय का, ते आज दिसणार होतं. आणि उद्या उजवाही गेला, तर चाळणीने चाळायचं काय?

“काही नको,” तो म्हणाला. “शांतता बरी.”

“आत शांतता नसते हो, काका.”

फळी आत सरकली. छत नाकापासून चार बोटांवर आलं. मग ठोकाठोक सुरू झाली. लोखंडी दारावर कुणी मुठी आपटाव्यात तशी, आणि दार त्याच्या कवटीचं. सगळा गोंगाट उजवीकडून येत होता. डावीकडे नुसता काळोख. हा काळोख हळूहळू पलीकडे सरकेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला श्वास घेता येईना.

दीड मिनिटात त्याने फुगा दाबला.

“असं नाही चालणार, काका,” फळी बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली. “हललात की सगळं पहिल्यापासून. नाहीतर गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागेल. ते डॉक्टर आता सोमवारीच येतात.”

आज मंगळवार होता. म्हणजे आणखी सहा सकाळी ती काडेपेटी.

“बरं, लावा काहीतरी.”

“काहीतरी म्हणजे काय लावू?”

काचेपलीकडच्या खोलीत त्याची बायको बसली होती. माइकवरून तिचा आवाज उजव्या कानात आला. “अहो, सांगा ना तिला. गाडीत काचा वर करून ऐकता ते.”

हिला माहीत होतं! ते झोक्याचं गाणं. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या-त्याच्या फोनवर तेच वाजत असे. झोका डावीकडे गेला की डावीकडे टाळ्या, उजवीकडे आला की उजवीकडे चुटक्या. ‘कुठे खूश व्हायचं, ते ह्या टाळ्या श्रोत्याला सांगतात, त्याला कानांची गरज उरत नाही,’ असं त्याने लिहिलं होतं. पुढे हेही लिहिलं होतं की, ‘मी हे गाणं अर्ध्या मिनिटात बंद केलं.’ हे वाक्य लोकांना तोंडपाठ होतं. त्याच्या बैठकीतली मंडळी अजून त्यावर हसत.

“झोक्याचं,” तो हळूच म्हणाला.

“काय? ऐकू नाही आलं.”

“झोक्याचं गाणं!” तो ओरडलाच. “तेच लावा. पुन्हा पुन्हा.”

“अय्या, मलापण तेच आवडतं!”

फळी आत गेली. गाणं सुरू झालं. पाठोपाठ ठोकाठोक सुरू झाली आणि दारावरच्या मुठी आणखी जोरात पडू लागल्या. त्याने डोळे गच्च मिटले आणि बुडणारा माणूस दोर धरतो तसा त्या गायिकेचा आवाज धरला. पहिलं कडवं. मग ती खोडकर बासरी, जिला त्याने बाजारू म्हटलं होतं. मग झोका वर गेला.

डावीकडे टाळ्या वाजल्या.

तो दगडासारखा पडून राहिला. उजवीकडे चुटक्या. आणि पुन्हा डावीकडे टाळ्या, स्वच्छ, एकेक मोजावी अशा. डोळ्यांतलं पाणी कानशिलावरून खाली ओघळलं, पण त्याने ते पुसलं नाही. गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं. यंत्र मुठी आपटत राहिलं आणि तो टाळ्यांची वाट बघत राहिला. गाणं चार वेळा झालं. तो तसूभरही हलला नाही.

फळी बाहेर आली. मुलीने पिंजरा उघडला, हेडफोन काढले. बायको दारात येऊन उभी होती.

“काका, रागावू नका हं,” मुलगी म्हणाली. “गाणं पहिल्या ओळीलाच बंद पडलं. पण तुम्ही इतके छान पडून होता, म्हटलं आता कशाला थांबवायचं! फोटो एकदम स्वच्छ आलेत. रिपोर्ट उद्या मिळेल.”

तो उठून बसला. डाव्या कानाशी नेऊन त्याने दोन बोटं एकमेकांवर चोळली. काही नाही. आणखी जोरात चोळली. बायकोने पुढे होऊन त्याचा हात धरला.

“बंद नाही पडलं,” तो म्हणाला. “चारही वेळा पूर्ण ऐकलं मी. दोन्ही कानांनी.”