नळीखालची फट

राहुरीच्या संस्कृतीनं आपल्या पॉइंट टू-टू रायफलीचा नेम सुधारायचा चंगच बांधला. जुना दस्ता काढून अक्रोडाचा नवा आणला, आत इपॉक्सीचा गोंद भरून रायफल त्यात अशी बसवली की तसूभर हलायची नाही. पुढची नळी मात्र लाकडाला कुठंच टेकता कामा नये, नाहीतर गोळी भरकटते. म्हणून पॉलिश पेपरनं घासघासून तिनं नळीखाली बारीक फट केली. दहाची नोट त्या फटीतून सुळकन सरकली, तेव्हा पोरगी अंगणात नाचलीच!

मग काय, गोळ्या एकामागोमाग एकाच भोकात जाऊ लागल्या. पुण्याच्या निवड चाचणीत हिचं नाव पक्कं, असं नेमबाजी क्लबातले सगळेच म्हणू लागले.

चाचणीच्या सकाळी वडिलांनी, गोरक्षरावांनी, रायफलीची पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

“एवढं महागाचं लाकूड, आन् दुकानदारानं मधी फट तशीच ठिवली हुती बघ! काल म्या भुसा आन् फेविकॉल ठासून बुजवली. आता कागद बी जायचा न्हाई!”