फोन आधी कुणी ठेवायचा?

जपानीच्या बाईंनी बजावलं होतं, "आपल्यापेक्षा मोठ्या माणसाच्या आधी फोन ठेवायचा नाही. व्याकरण चुकलं तर चालेल, हे चुकलं तर नोकरी गेली."

जपानी कंपनीच्या ऑपरेटरने मुलाखतीसाठी साहेबांना फोन जोडून दिला. साहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. मी आदराने काही बोललो की ते दुप्पट आदराने तेच बोलायचे. मग आम्ही निरोप घेतला, त्याला वीस मिनिटं झाली. माझी बॅटरी तीन टक्क्यांवर आली आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

शेवटी साहेब मराठीत कुजबुजले, "आई, चार्जर दे लवकर. साहेब काही फोन ठेवत नाहीयेत, आणि मी आधी ठेवला तर नोकरी गेली."